तुरा

पहिल्यांदा कॅरिबियनला गेलो ती जानेवारी २०१९. सकाळचे साडेसहा झाले असतील. सेंट किट्स बेटाच्या कडेकडेनं जहाज बासटेर बंदराकडे चाललं होतं आणि मी वरच्या डेकवर चहाचा पेला घेऊन कठड्याला टेकलो होतो. बेटाच्या मधोमध ढगात डोकं खुपसून बसलेला ज्वालामुखीचा डोंगर होता. त्याच्या उतारावर, पार खाली समुद्रापर्यंत, काहीतरी रुपेरी हलत होतं. वारा आला की सगळा उतार एका अंगाला झुकायचा आणि परत उभा राहायचा. नातवाची दुर्बीण मागून घेतली, डोळ्याला लावली, आणि पोटात कालवलं.

"ऊस आहे," मी म्हणालो. "तुरा आलाय."

"बाबा, गवत असेल हो," जावई म्हणाले. "इथं कुठला ऊस?"

मी बेळगाव जिल्ह्यातला, निपाणीजवळच्या एका खेड्यातला. साखर कारखान्याच्या शेती खात्यात एकतीस वर्षं काढली. चिटबॉय म्हणून लागलो, शेती अधिकारी होऊन निवृत्त झालो. चिटबॉय म्हणजे शेतकऱ्याच्या उसाची नोंद करणारा आणि पाळी आली की तोडचिठ्ठी देणारा माणूस. एवढ्या वर्षांत मी दुसरं काही शिकलो नसेन, पण उसाचा तुरा, म्हणजे फुलोरा, कोसभरावरून ओळखतो. आमच्याकडे जानेवारीत गळीत हंगाम ऐन भरात असतो आणि पहाटे दारात माणूस उभा असतो: "सायेब, तुरा आलाय बघा, तोड द्या." तुरा आला की वाढ थांबली. मग पांगशा, म्हणजे बाजूचे कोंब, फुटतात, कांड्यात दशी पडते, म्हणजे गर वाळून पोकळ होतो, वजन घटतं, साखरेचा उतारा घटतो. तुऱ्याचा ऊस दिसायला देखणा, पण शेतकऱ्याची झोप उडवणारा. आणि इथे तर अख्खा डोंगर तुऱ्यानं पांढरा झाला होता. एकाही फडात कोयता लागलेला नव्हता. सरीचा पत्ता नाही, बांध नाही, गाडीवाट नाही.

हा ऊस कुणाचा? आणि कुणी तोडत का नाही?

त्या दिवशी आमचं ठरलं होतं समुद्रकिनाऱ्याचं. नातवंडांनी पाण्यात उतरायचं, आम्ही छत्रीखाली बसायचं. मी बसलो. पाणी निळं, स्वच्छ होतं, पोरं खूश होती, सगळं छान होतं. पण माझी मान राहून राहून मागे डोंगराकडे वळत होती. हिनं शेवटी विचारलंच, "काय बघूलाय एवढं तिकडं?" संध्याकाळी जहाज सुटलं तेव्हा मावळतीच्या उजेडात तो तुरा तांबूस झाला होता. रात्री फोनवर शोधलं, तेव्हा उत्तर एका ओळीत मिळालं. सेंट किट्सचा साखर उद्योग २००५ साली बंद झाला. म्हणजे आम्ही पाहिला तो चौदा वर्षं कुणीही न तोडलेला ऊस होता. खोडव्याचा खोडवा, जुन्याच बुडख्यांतून आपला आपण उगवणारा, आपला आपण तुऱ्याला येणारा आणि आपला आपण वाळणारा.

मला परत जायचं होतं, ते त्यासाठी.

मध्ये करोना आला. मार्च २०२० मध्ये जगभरची प्रवासी जहाजं थांबली आणि आमचं जाणंही थांबलं. पुन्हा गेलो ते २०२४ च्या जानेवारीत, यावेळी निवृत्तीच्या पैशातून. जहाज तेच, मार्ग तोच: सॅन हुआनहून निघून सेंट थॉमस, बार्बाडोस, सेंट लुशिया, सेंट किट्स, सेंट मार्टिन आणि परत सॅन हुआन. गावात सांगितलं तर लोकांना नवल वाटलं. एवढा खर्च करून परत तिथंच? युरोप बघा, सिंगापूर बघा. माझी आई असती तर तिनं विचारलं नसतं. ती चाळीस वर्षं पंढरपूरला गेली. दरवर्षी तेच पंढरपूर, तीच चंद्रभागा.

पहिल्या खेपेला जहाज म्हणजे गावची जत्रा वाटली होती. तीन हजारांच्या आसपास प्रवासी, चौदा मजले, कुठं जेवायचं, कुठं पोहायचं, कुठं गाणं लागलंय, हे शोधण्यातच दिवस जायचा. दुसऱ्या खेपेला पाय आपोआप वळतात. मला ठाऊक होतं की जत्रेच्या गर्दीपासून लांब, चौथ्या मजल्यावर, बचावनौकांच्या खाली एक लाकडी फळ्यांची वाट आहे. पहाटे तिथे कुणी नसतं. पूर्वेकडून येणारा तो एकसुरी वारा असतो. शिडाच्या जहाजांना युरोपातून इकडे आणणारे व्यापारी वारे हेच. बंदर जवळ आलं की काळोखातून एक छोटी होडी येते, जहाजाला अंग घासत पळते, आणि तिच्यातून बंदराचा वाटाड्या दोराच्या शिडीवरून चढून आत येतो. एवढ्या प्रचंड जहाजाला शेवटचे दोन मैल स्थानिक माणसाच्याच सांगण्यावरून जावं लागतं. हे बघायला मी रोज उठलो. नाचगाणी, लिलाव, तलावाकाठच्या स्पर्धा यांच्याबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. ज्यांना आवडतं त्यांना तिथे भरपूर आहे.

जेवणघरात खानापूर तालुक्यातला एक मुलगा वाढायला होता. पहिल्या खेपेलाही तोच होता. त्यानं लांबूनच ओळखलं. "काका, तुम्ही परत आलासा?" त्याची आई कोकणी, बाप मराठी, शाळा कन्नड. गोव्यात जहाजावर काम करणाऱ्याला तारवटी म्हणतात, आणि त्याचे मामा, आजोबा सगळे तारवटी. नऊ महिन्यांचा करार असतो, सुट्टीचा दिवस नसतो. पाण्याच्या रेषेखालच्या खोलीत दोघांनी राहायचं. २०२० मध्ये जहाज रिकामं झाल्यावरही त्याला तीन महिने घरी जाता आलं नव्हतं. बंदर उतरू देत नव्हतं, विमान उडत नव्हतं. रोज रात्री तो हिच्यासाठी आतून पातळ वरण करून आणायचा आणि वर लिंबू पिळायचा. करार संपवून घरी गेला की पहिल्या दिवशी बेळगावात उतरून कुंदा घेतो आणि मगच खानापूरची गाडी धरतो, म्हणाला.

पाचव्या दिवशी सेंट किट्स आलं. दुर्बीण लागली नाही. तुरा तिथेच होता.

यावेळी मी आगगाडीचं तिकीट काढून ठेवलं होतं. या बेटाला गोल वळसा घालणारी एक छोटी आगगाडी आहे. १९१२ ते १९२६ या काळात तिचे रूळ टाकले ते प्रवाशांसाठी नव्हेत, उसासाठी. बेटाभरच्या मळ्यांतून ऊस भरून आणायचा आणि बासटेरच्या एका मोठ्या कारखान्याच्या गव्हाणीत टाकायचा. आता त्याच रुळांवरून आमच्यासारखे लोक फिरतात. साधारण अठरा मैल गाडीनं, उरलेले बारा मैल बसनं. रुळांची रुंदी अडीच फूट. ती पाहिली आणि मला मिरज आठवलं. लहानपणी आईबरोबर मिरजेहून पंढरपूरकडे जायचो, ती कुर्डुवाडीची छोटी गाडीही अडीच फुटी रुळांचीच होती. तशीच डुलायची आणि वळणावर अशीच कुरकुरायची. मी हिला म्हटलं, डोळे मीट. तिनं मिटले आणि म्हणाली, "आता अभंग तेवढा पाहिजे." थोड्या वेळानं गाडीतल्या तीन गायकांनी वाद्याशिवाय, नुसत्या गळ्यानं, देवाची गाणी म्हणायला सुरुवात केली. हिच्या डोळ्यांत पाणी आलं.

डब्याचा वरचा मजला उघडा असतो. तिथून एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि दोन्हीकडे ऊस. मध्येच एखादी दगडी धुराडी, एखाद्या पवनचक्कीचा पांढरा बुंधा. मळ्यांचे वाडे पडलेले, त्यांतून झाडं उगवलेली. गाडी खोल घळींवरच्या लोखंडी पुलांवरून जाते. डोंगरातून पावसाळी पाणी उतरतं त्या घळींना तिथे घॉट म्हणतात. पाटीवर इंग्रजी अक्षरं वाचली आणि थबकलो. इंग्रज आपल्या सह्याद्रीच्या घाटांसाठी जे स्पेलिंग लिहायचे, नेमकं तेच.

आमच्या डब्यात माहिती सांगायला एक बाई होत्या, चाळिशीच्या. त्या सांगत होत्या ते बहुतेक लोक फोटो काढता काढता ऐकत होते. इंग्रज इथे १६२३–२४ ला आले. पहिलं नगदी पीक तंबाखू. मग १६४० च्या सुमारास तंबाखू सोडून ऊस. मी सरसावून बसलो. हा तर आमच्या रानाचा सातबारा कुणी वाचून दाखवत होतं. आमच्या घरी वडिलांपर्यंत तंबाखूच होती. निपाणीच्या काळ्या रानातली जिरायत तंबाखू. १९८१ मध्ये शरद जोशींच्या आंदोलनात वडील दरासाठी हमरस्त्यावर बसले होते. पुढे वेदगंगेचं पाणी रानात आलं आणि तंबाखू गेली, ऊस आला. मी चिटबॉय झालो तोही त्यामुळेच.

आणि ही दोन्ही पिकं याच समुद्रावरून इकडची तिकडे झालेली. तंबाखू मूळ अमेरिकेची. या बेटांवरच्या मूळ रहिवाशांकडे कोलंबसाच्या माणसांनी ती पहिल्यांदा पाहिली. पोर्तुगीजांनी ती दख्खनेत आणली. अकबराचा दूत असद बेग १६०४ च्या सुमारास आदिलशहाच्या विजापुरात आला, तेव्हा त्याला तिथे तंबाखू मिळाली आणि ती त्यानं मोगल दरबारात नेली. निपाणीचा मुलूख त्या वेळी आदिलशाहीच्याच टापूत. उलट ऊस गेला पूर्वेकडून पश्चिमेला. साखरेला शर्करेचं नाव आपल्याकडून मिळालेलं. उसाची बेणी या बेटांकडे आणली कोलंबसानं १४९३ मध्ये. ती त्याचीही दुसरीच फेरी होती.

पण बेणं आणलं म्हणून ऊस पिकत नाही. लावायला, खुरपायला, तोडायला माणसं लागतात, आणि उसाला ती फार लागतात, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? इथली मूळची माणसं मारली गेली, रोगांनी गेली. मग आफ्रिकेतून माणसं विकत आणली. दीडदोनशे वर्षं त्यांच्या पाठीवर साखर पिकली. १८३४ मध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली, १८३८ मध्ये खरोखर संपली, आणि मळेवाल्यांना दुसरी माणसं हवी झाली. त्याच १८३८ मध्ये हिंदुस्थानातून मजुरांची पहिली जहाजं गयानाला गेली. ३० मे १८४५ ला फतेल रझाक नावाचं जहाज सव्वादोनशेच्या आसपास माणसं घेऊन त्रिनिदादला लागलं. कलकत्त्याहून निघालेलं. कराराचा कागद म्हणजे ॲग्रीमेंट, त्याचं बोलीत झालं गिरमिट. अंगठा उठवायचा आणि पाच वर्षं ऊस.

हे पुस्तकातून आधी वाचलेलं होतं. पण त्या गाडीत, दोन्हीकडे तो रानटी ऊस सळसळत असताना, मला माझ्या टेबलावरचे कागद दिसायला लागले. हंगामाआधी मुकादमाला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, द्यायची, मुकादमानं ती तोडणीच्या टोळीला द्यायची. टोळी कुठली? कुणी बीडची, कुणी विजापूरकडची. मुकादमाचा अंगठा किंवा सही. गिरमिट आणि उचल एकच आहेत असं मी म्हणत नाही. आमचा मजूर उन्हाळ्यात आपल्या गावी परततो, त्रिनिदादला गेलेल्या बहुतेकांना परतणं झालं नाही. पण आधी पैसा आणि मग त्यात गुंतलेला हंगाम, हे मी कागदावर एकतीस वर्षं लिहिलं आहे. तोडचिठ्ठी कन्नडमध्ये छापलेली असायची. बीडच्या माणसाला ती वाचता येत नसे, मी वाचून दाखवायचो. विजापूरच्या माणसाला शेतकऱ्याची मराठी कळत नसे, तेही मीच सांगायचो. सीमेवरच्या माणसाचं ते कामच असतं. मला तेव्हा वाटायचं, मी त्यांच्या बाजूला आहे.

गाडी संपते तिथे बसमध्ये बसण्याआधी थोडा वेळ होता. रस्त्याला लागूनच ऊस. मी त्या माहिती सांगणाऱ्या बाईंना विचारलं, एक तोडला तर चालेल का? "कुणाचा नाही तो आता," त्या म्हणाल्या. बसच्या चालकानं डिकीतून लांब पात्याचा कोयता काढला. आमचा कोयता टोकाला वळलेला असतो, हा सरळ. त्यानं बुडातून एक घाव घातला, जमिनीलगत, बरोबर जिथे घालायचा तिथे. मला बरं वाटलं. बुडातली साखर सोडायची नसते, हे त्याला अजून माहीत होतं. वाढं छाटलं, पाचट एका हातानं सोललं आणि कांडं माझ्या हातात दिलं. मनगटापेक्षा बारीक, कांड्या आखूड, रंग जांभळट. दातानं सोलून चावलं. आत दशी पडलेली, चोथा जास्त, पण रस गोड होता. एकोणीस वर्षं कुणी खत घातलं नाही, पाणी दिलं नाही, तरी गोड.

बाई माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, माझी आई कारखाना बंद पडेपर्यंत फडात होती. पुरुष तोडायचे, ती बांधायची, खुरपायची. शेवटच्या वर्षी शेवटचा ऊस गेला तेव्हा ती रडली. लोक म्हणाले, सुटलीस की, तरी रडली.

मी फोन काढला. निघायच्या आधी डिसेंबरात आमच्या रानात तोड आली होती, तेव्हा बांधावरून दोन मिनिटांचं चित्रण केलं होतं. नातवंडांना दाखवायला. धुकं आहे, कोयत्यांचा खच्च खच्च आवाज आहे, भाऊ ट्रॅक्टरवाल्याला ओरडतोय. आणि एक बाई डोक्यावर उसाची मोळी घेऊन तिरक्या फळीवरून ट्रॉलीवर चढते. फळी लवते. ती मध्ये क्षणभर थांबते, तोल सावरते, आणि वर जाऊन मान झटकून मोळी टाकते. परत उतरते. बाईंनी ते एकदा पाहिलं. परत पहिल्यापासून पाहिलं. मग म्हणाल्या, मला पाठवाल? आईला दाखवते.

उसाचं उरलेलं कांडं जहाजावर नेता आलं नाही. झाडपाला, फळं, माती यांना जहाजावर मनाई असते आणि ते योग्यच आहे, रोग असेच फिरतात. शिडीजवळच्या डब्यात ते ठेवून दिलं. रात्री खानापूरच्या मुलाला सांगितलं, तर तो हळहळला. "एक कांडी तरी खिशातून आणायची हुती काका."

जहाजावरच्या इंटरनेटवरून ते चित्रण काही जाईना. चाक नुसतं फिरत राहिलं. दुसऱ्या दिवशी सेंट मार्टिनला उतरलो, बंदरातल्या एका कॉफीच्या दुकानात बसलो, आणि तिथून ते गेलं. हिनं तेवढ्यात मुलीसाठी टेबलावर घालायचं एक भरतकाम घेतलं. तासाभरानं बाईंचा निरोप आला. आईनं चार वेळा पाहिलं. आई विचारते आहे, त्या फळीवरच्या बाईचं नाव काय?

मला नाव माहीत नव्हतं.

ती बाई आमच्या रानात चार दिवस होती. आमच्या विहिरीवर पाणी भरत होती. आणि मी एकतीस वर्षं अशा टोळ्यांच्या नोंदी ठेवल्या आहेत. त्या नोंदीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाचं नाव, गाव, कोयते बारा. एकटा माणूस आला तर अर्धा कोयता. बायकांची नावं लिहायला आमच्या वहीत रकानाच नव्हता, आणि तो असावा असं मला कधी सुचलंही नाही. बारा कोयत्यांच्या टोळीत बारा बायका असायच्या. एकतीस हंगामांत किती झाल्या, याचा मी त्या दुकानात बसून हिशेब करायला लागलो आणि सोडून दिला.

भावाला फोन लावला. तिकडे रात्र झाली होती.

"आण्णा? काय झालं? बरं हायसा न्हवं?"

विचारलं तसा तो गप्प झाला. मग म्हणाला, "मला बी ठावं न्हाई बघा. टोळी आता फुडच्या गावाला हाय. सकाळी मुकादमाला इचारून सांगतो."

संध्याकाळी जहाज सॅन हुआनकडे निघालं. मी चौथ्या मजल्यावरच्या त्या फळ्यांच्या वाटेवर बराच वेळ बसलो. दुसऱ्या दिवशी पहाटे किनाऱ्याजवळ फोनला रेंज आली आणि भावाचा निरोप दिसला. त्यानं मुकादमाला विचारलं नव्हतं. मोटारसायकल घेऊन स्वतः पुढच्या गावच्या फडावर गेला होता आणि तिलाच विचारून आला होता. तिचं नाव, तिच्या बापाचं नाव, तिचं गाव. खाली लिहिलं होतं: कशाला पाहिजे म्हणून विचारत होती, मी सांगितलं, लांबच्या एका उसातल्या बाईनं विचारलंय. तर हसली.

नाव इथे लिहीत नाही. तिनं ते त्या बाईसाठी दिलं आहे. मी ते इंग्रजी अक्षरांत, उच्चार नीट कळावा म्हणून तोडून तोडून लिहिलं आणि सेंट किट्सला पाठवलं.